टेलची खोली

आमच्या लालाला देवानं अक्कल दिली न्हाई असं मी म्हणणार न्हाई. दिली. पण ती वापरायची कुठं, हे सांगायचं देवाच्या ध्यानातनं गेलं. मी त्याची थोरली बहीण, धोंडुबाई, म्हणून बोलते. दुसऱ्या कुणी माज्या भावाला असं बोललं तर त्याची मी भर चौकात अब्रू काढीन.

लालासाहेब फौजेत सुभेदार हुता, आता पेन्शनवर हाय. कडेगावच्या खालच्या अंगाला आमचं गाव. थोडा ऊस, गोठ्यात म्हशी अन् रस्त्याकडंला त्यानं बांधलेला स्लॅबचा बंगला. आई गेली तवा ह्यो रांगत हुता. मी त्याला कडेवर घेऊन वाढवला. फुडं मला म्हसवडकडं दिली. नवरा लवकर गेला, पोरबाळ झालं न्हाई. तवा ह्यो रजा काढून आला, माजी पत्र्याची पेटी खांद्यावर घेतली अन् म्हणाला, "आक्का, चल घरी." तेवढं एक काम त्यानं कसला नकाशा न काढता केलं, म्हणूनच ते चांगलं झालं.

बाकीची कामं सगळी सिस्टिमनं. फौजेतनं आल्यापासनं त्याच्या तोंडात दोनच शब्द, सिस्टिम अन् सीनियॉरिटी. जेवायला बसायचं तर सीनियॉरिटीनं. लग्नातल्या फोटोत उभं ऱ्हायचं तर सीनियॉरिटीनं. गोठ्यात म्हशी बांधल्या त्याबी तशाच. म्हातारी भाकड म्हैस पयल्या दाव्याला, का तर ती घरात आधी आली. दुधाची म्हैस पार शेवटाला. वैरण आधी भाकडीच्या फुडं पडायची, अन् शेवटच्या म्हशीच्या वाट्याला येईस्तोवर नुसती बुडखं उरायची. मी एकदा म्हटलं, "लाला, दूध काय हिच्या मानपानातनं काढणार हाईस का रं?" तर म्हणतो, "आक्का, डिसिप्लिन म्हंजे काय ते तुला न्हाई कळायचं." मला खरंच अजून कळलं न्हाई.

त्याची दुसरी गोष्ट म्हंजे पाणी. आमचं रान चारीच्या पार शेवटाला, म्हंजे टेलला. कॅनॉलचं पाणी चारीनं येतं ते आधी वरच्या रानांना लागतं, अन् उरलं तर टेलला येतं. उरत न्हाई. ज्याच्या त्याच्या रानाशी चारीला एक दार असतं, ते पाडलं म्हंजे बंद केलं तरच पाणी फुडं सरकतं. चारीच्या तोंडाशी उदयसिंहरावांचा ऊस हाय. त्यांच्या उसात बेडकं वरडत्यात तवा आमच्या सरीत ढेकळं असत्यात. ह्या पाण्यापायी लालानं किती हापिसं पालथी घातली, किती साहेबांना हात जोडले, त्याला गणती न्हाई. पारावर बसला की ह्यो एकच पाढा म्हणणार. "वरच्यानं दार पाडल्याबिगर खालच्याला पाणी जात न्हाई. एवढं साधं हाय. पण वरच्याला खालचा दिसतो कुठं?" गावातल्या कुत्र्यांनासुद्धा हे पाठ झालंय.

आता शालूचं सांगते, कारण सगळं तिच्यापायी सुरू झालं. शालूबाई माजी भावजय. नवरा सीमेवर हुता तवा हिनं घर, रान, सासऱ्याचं आजारपण सगळं एकटीनं वढलं, अन् रोज पाचटावर अन् तुरकाट्यांवर सैपाक केला. चूल फुकून फुकून तिच्या छातीचा पार कोळसा झाला. दमा जडला. मागच्या हिवाळ्यात कराडच्या दवाखान्यात तिला नळी लावून ठेवली हुती. तितल्या डॉक्टरनं लालाला बाजूला घेतलं अन् माज्यादेखत सांगितलं, "ह्यांना धूर चालणार न्हाई अन् गारठाबी चालणार न्हाई. खोली उबदार ठेवा. असा आणखी एक हिवाळा ह्या काढायच्या न्हाईत."

आमी दोघी सैपाकघराच्या मागच्या खोलीत झोपतो. आधी शालू म्होरल्या खोलीत लालाजवळच झोपायची. पण रातभर खोकायची, त्याची झोपमोड हुती म्हणून आपणहून मागं आली. ती खोली परड्याच्या अंगाला हाय, उन्हाचा कवडसा न्हाई, पौषात भिंतीला हात लावला तर चटका बसल्यागत गार. आधी आमी कोळशाची शेगडी ठेवायचो. ती डॉक्टरनं बंद केली. लायटीचा हीटर आणला, तर आमच्याकडची लाईट गारठा पडला की आधी जाती. म्हंजे औंदाचा हिवाळा तिचा कसा निभवायचा, ह्याच घोरात मी हुते.

अन् एक दिवस लाला म्हणाला, "आक्का, शालूसाठी सेंट्रल हीटिंग करतोय."

लेहला हुता तवा त्यानं ऑफिसर लोकांच्या मेसमदी ते बघितलं हुतं. भट्टी बाहीर, अन् तिची गरम हवा पत्र्याच्या बोगद्यातनं खोल्याखोल्यांत. धूर न्हाई, राख न्हाई. त्याचा पोरगा वीरधवल कॅनडाला असतो. त्यानंबी फोनवर आपल्या घराच्या तळघरातली भट्टी दाखवली अन् त्या बोगद्याला डक्ट म्हणत्यात म्हणून सांगितलं. झालं, त्या दिवसापासनं घरात डक्ट डक्ट सुरू झालं.

खरं सांगते, ऐकून मला बरं वाटलं. सारा जन्म ह्या माणसानं देशासाठी केलं, गावासाठी केलं, भाकड म्हशीसाठी केलं. पयल्यांदाच बायकोसाठी कायतरी करत हुता. मी सिद्धनाथाला साखर ठेवली. आता वाटतं, ती चहात घातली असती तर बरं झालं असतं.

काम दिलं चांदसाहेबाला. कडेगावच्या बाजारात त्याचं पत्र्याचं दुकान हाय. कणग्या, बंब, गुऱ्हाळाची धुराडी, सगळं त्याच्या हातचं. हात चांगला, पण माणसाला कणा न्हाई. गिऱ्हाईक म्हणंल 'पूर्व', की ह्यो मान हलवणार, मग सूर्य कुठनंबी उगवू द्या. त्यानं लोखंडाची एक पेटी करायची, तिच्यात लाकडं जळणार, धूर धुराड्यातनं वर जाणार. त्या पेटीभवती दुसरी पेटी, अन् दोन्हींच्या मदनं, लाईट गेली तरी इन्व्हर्टरवर चालंल अशा पंख्यानं वारं फुकायचं. ते तापलेलं वारं डक्टमदनं घरात शिरणार. डक्ट स्लॅबच्या खालनं सगळ्या घरभर न्यायचा अन् प्रत्येक खोलीत एकेक जाळी सोडायची. एवढं मलाबी कळलं.

मग लाला खडू घेऊन सोप्यात बसला अन् फरशीवर घराचा नकाशा काढला. मी अन् शालू उंबऱ्यात उभ्या.

"भट्टी हितं," लाला म्हणाला अन् पोर्चच्या बाजूला फुली मारली.

"म्होरं?" मी इचारलं. "सरपण मागं परड्यात हाय. शालूची खोली मागं हाय. अन् भट्टी म्होरं कशाला रं?"

"आक्का, माणसं काय परड्यातनं घरात येत्यात? आलेल्या माणसाला दिसाय नको?"

म्हंजे भट्टी बघायची वस्तू हुती, शेकायची न्हवं. मग त्यानं डक्टची रेघ वढली. पयली जाळी बैठकीच्या खोलीला. तीबी एक न्हवं, दोन, अन् चांगल्या परातीएवढाल्या, कारण बैठक म्हंजे घराची अब्रू. मग त्याची सोताची खोली, जितं त्याची मेडलं अन् फोटो टांगल्यात. मग वीरधवलची खोली. तो पोरगा वर्षातनं एकदा येतो, तोबी मे महिन्यात, अन् आल्या आल्या एसी लावा म्हणतो. पण घरचा वारस, मान नको? मग देवघर.

"देवाला थंडी वाजती व्हय रं?" मी म्हटलं.

"मान आक्का, मान."

अन् रेघ पार शेवटाला नेऊन त्यानं एक टिंब काढलं. ती आमची खोली. चांदसाहेबानं डोकं खाजवलं. "साहेब, शेवटाला जाईस्तोवर वारं निवतंय, अन् कमीबी पडतंय." तेवढं तो खरं बोलला. मी म्हटलं, आता ह्यो अडून बसंल. लालानं नुसतं त्याच्याकडं बघितलं, तर लगीच म्हणतो, "पण साहेब म्हणतील तसं. साहेबांनी लेह बघितलंय."

मी लालाला म्हटलं, "अरं, तू हे शालूसाठी करतोयस नव्हं? मग तिच्या खोलीपासनं सुरू कर की."

"लाईनला एक सिस्टिम असती आक्का. मागनं सुरू केलेली लाईन मी तरी कुठं बघितली न्हाई."

शालूनं माजा पदर वढला. "राहू द्या आक्का. येईल की आपल्यापतुर." ह्या बाईनं जन्मात कुणाला न्हाई म्हटलं न्हाई.

काम लय दिवस चाललं. सोप्यात पत्र्याचा ढीग पडला. कात्रीचा करकराट अन् हातोड्याचा दणदणाट, म्हशींनी दूध चोरलं. चांदसाहेब पत्रा वाकवायचा, कडंला कड अडकवून ठोकायचा, सांध्याला चिकटपट्टी मारायचा. बैठकीतल्या जाळ्या त्यानं अशा नक्षीदार केल्या की बघत ऱ्हावं. फुडं फुडं डक्ट बारीक हुत गेला, अन् आमच्या खोलीत आला तवा विटंएवढा उरला हुता. तितली जाळी म्हंजे बैठकीच्या जाळीतनं उरलेली कातर. भट्टीला चंदेरी रंग दिला, धुराड्याला पलटणीच्या रंगाचा पट्टा मारला. अन् सरपण परड्यातनं सगळ्या घराला वळसा घालून म्होरं न्यायचं आमी बायकांनी. दमेकरी बाईसाठी भट्टी, अन् तिचा मोळा वाहायला तीच दमेकरी. मी शालूला एक लाकूड उचलू दिलं न्हाई. माजी कंबर मोडली, पण ते जाऊ द्या.

पौषात थंडी मोकळी सुटली तवा लालानं उद्घाटन ठेवलं. सांजच्याला गावातली चार मानाची माणसं बोलावली, अन् कुणाला बोलवावं तर उदयसिंहरावांना. ज्या माणसाला रोज शिव्या घालतो, त्यालाच पयलं आवतण. का, तर जळू दे. भट्टीला नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं. चांदसाहेबाच्या गळ्यात हार घातला. पंखा सुरू झाला अन् बैठकीतल्या दोन्ही जाळ्यांतनं वाफाळ वारं सुटलं.

सगळे म्हणाले, वा सुभेदार, वा. लाला मिशीला पीळ देत उभा. मी चहा घेऊन आत गेले, तर बैठकीत पाऊल ठेववंना. भाकरीच्या तव्यावर बसल्यागत माणसं बसलेली. एकानं कानटोपी काढली, एकानं जाकीट काढलं. उदयसिंहरावांच्या कपाळावरनं घाम गळाय लागला. शेवटी तेच म्हणाले, "सुभेदार, झकास हाय. पण जरा फॅन लावा की."

लालानं फॅन लावला. तरी भागंना, मग खिडक्या उघडल्या. बाहीर माणूस भट्टीत ओंडकं घालतोय अन् आत खिडक्या उघड्या टाकून, फॅन लावून मानकरी मंडळी हाशहुश करत्यात. मी हे डोळ्यांनी बघितलं. माजं डोकं असं फिरलं की कपबशा तितंच आपटाव्या वाटल्या.

मी मागं आले. शालू खाटल्यावर दोन वाकळा घेऊन बसली हुती, तोंडाला पदर लावून. मी स्टुलावर चढून जाळीला हात लावला. काय न्हाई. पत्रा गार. कान दिला तर आत लांबनं घुर्र असा आवाज, तेवढाच काय तो आमचा वाटा.

"येतंय का गं?" मी इचारलं.

"येतंय की जरा जरा."

"कुठं येतंय? मला तरी दाखव."

"आक्का, पाव्हणं हाईत. ऐकतील."

पाव्हणं गेल्यावर लाला आला. बैठकीत शेकून लालबुंद झालेला. दारातनंच इचारलं, "शालू, ऊब हाय नव्हं?" अन् ही बाई, छातीत घरघर घेऊन म्हणती, "हाय की. लय चांगली ऊब हाय." मी तोंड उघडणार, तर वाकळंखालनं तिनं माजा हात गच्च दाबला. लालाचा चेहरा असा उजळला की मला त्याची कीवबी आली अन् त्याच्या मुस्काडात द्यावी असंबी वाटलं. आत येऊन हात लावून बघायला त्याला कुणी बांधलं हुतं का? पण त्याला ऊब नको हुती, शाबासकी पायजे हुती. ती मिळाली, गेला झोपाय.

मला शालूचाबी राग आला. "खोटं कशाला बोललीस?" तर म्हणती, "एवढ्या हौसेनं केलंय त्यांनी." अगं बाई, हौस काय अंगावर पांघरायची असती?

फुडं रोज हेच. रोज ह्यो इचारणार अन् रोज ही हाय की म्हणणार. बैठक तापायची, तितं कुणी बसत न्हाई. वीरधवलची खोली तापायची, तितं कुणी झोपत न्हाई. पोरगं तिकडं बर्फात अन् त्याची गादी हितं भाजून निघत हुती. देवघरातली फुलं दुपारपतुर सुकून जायची. अन् जिच्यासाठी हे केलं ती भिंतीकडं पाठ करून कुडकुडत पडायची. मी तिच्या पायाशी गरम पाण्याच्या बाटल्या ठेवायची, माजी वाकळ तिच्यावर टाकायची. पण खोलीच गार, त्याला काय करणार?

अन् व्हायचं तेच झालं. एक दिवस सकाळी मी दूध काढून आले, तर शालू भिंतीला टेकून बसलेली. खांदं वरखाली, तोंड उघडं, आत घेतलेला श्वास आतच अडकलेला. नखं निळी पडली हुती. पंप मारला, काय फरक न्हाई. लालाला हाक मारली. तो बनियनवर पळत आला अन् तिला बघून तितंच पुतळ्यासारका उभा ऱ्हायला. गोळीबारात न्हाई घाबरला ह्यो माणूस, पण त्या दिवशी त्याला गाडीची किल्ली सापडंना. गाडी काढली, कराड गाठलं. पुन्ना नळी, पुन्ना सुया. मी बाकड्यावर बसून सिद्धनाथाचा धावा करत हुते. मला वाटलं, गेली ही आता.

वाचली. डॉक्टरनं लालाला इचारलं, "खोली गरम ठेवताय ना?" तर त्या तसल्या येळीलाबी ह्याची छाती फुगली. "डॉक्टरसाहेब, सेंट्रल सिस्टिम हाय आमच्याकडं." डॉक्टर चाटच पडला. त्याला वाटलं असंल, एवढं असून ही बाई आजारी कशी पडती.

मी लालाला बाहीर वढला. "लाला, तिच्या खोलीत वारं येतच न्हाई."

"असं कसं? शालू सोता सांगती, येतंय."

"ती सांगती. मी खोटं बोलती व्हय रं?"

तवा कुठं तो जरा थबकला. पण थबकून केलं काय? चांदसाहेबाला फोन. चांदसाहेब आला, डक्टवर टिचक्या मारल्या अन् म्हणाला, "साहेब, पंखा मोठा पायजे." साहेबांना हे पटलं. म्हंजे बघा, मागच्या खोलीचं दुखणं अन् औषध पुन्ना म्होरं. मोठा पंखा बसला. आता बैठकीतलं पडदं निशाणागत फडफडाय लागलं. लालाचा फेट्यातला फोटो खिळ्यावर डुलाय लागला. अन् आमच्या जाळीतनं काय आलं? तापल्या पत्र्याचा वास. ऊब न्हाई, नुसता वास. शेजारच्या घरात मटण शिजावं तसं.

शालू घरी आली ती पार वाळून. हिवाळा अजून सरला न्हवता. तिला बघून माजा जीव तुटायचा. रोज संध्याकाळी लाला दारात येऊन इचारायचा, "आता हाय नव्हं ऊब?" अन् ती मान हलवायची, कारण बोलायला दम न्हवता.

त्यात पाण्याची पाळी आली. लाला पहाटंच खोरं खांद्यावर टाकून रानात गेला. आज आमचा नंबर हुता. दुपारी आला तर पाय कोरडं. खोरं भिंतीला आपटलं, हात न धुता पाटावर बसला अन् सुरू झाला.

"आलं न्हाई. थेंब आला न्हाई. त्या उदयसिंहानं दार पाडलंच न्हाई. त्याचा ऊस तुंबलाय, पाणी वढ्याला चाललंय, अन् तरी त्याचं दार उघडं. कॅनॉलचा साहेब म्हणतो, वरनं पाणी वाढवून सोडतो. अरं, वरनं कितीबी सोडा. वरची दारं उघडी असली तर सगळं वरच मुरणार. दारं पाडा म्हणावं आधी. वरच्यानं दार पाडल्याबिगर खालच्याला..."

मी भाकरी थापत हुते. हे वाक्य मी शंभरदा ऐकलंय, पण त्या दिवशी माजा हात परातीतच थांबला. तव्यावरची भाकरी करपली तरी माजं ध्यान न्हवतं. मी उठले, पिठाच्या हातानं त्याचं मनगट धरलं.

"ऊठ."

"काय झालं? शालूला काय..."

"ऊठ म्हणते न्हवं. तुजं टेल दाखवते, चल."

लहानपणी बाभळीखाली अनवाणी खेळायचा तवा जसा वढत आणायची, तसाच त्याला मागच्या खोलीत नेला. शालू खाटल्यावर उठून बसली. मी म्हटलं, "जाळीला हात लाव." तो उंच, त्याला स्टूल लागत न्हाई. त्यानं हात लावला. जरा येळानं दुसरा हात लावला.

"भट्टी इझली काय?"

"मघाशीच ओंडका घातलाय. बैठकीत जाऊन बघ, तुज्या पडद्यांना घाम फुटलाय. न्हाई, तू हितंच थांब. हात काढायचा न्हाई."

मी परड्यातनं खताची रिकामी पोती, बारदान, फाटक्या वाकळा, मिळंल ते उचललं. स्टूल घेतलं अन् बैठकीत गेले. त्या परातीएवढ्या नक्षीदार जाळीत एक पोतं कोंबलं, दुसरीत दुसरं. मग त्याच्या मेडलांच्या खोलीत. मग वीरधवलच्या. देवघरात हात जोडले अन् म्हटलं, देवा, तुज्या वाट्याची वाकळ घे अन् गप ऱ्हा. तीबी जाळी बुजवली. तसा पत्र्यातला आवाजच बदलला. सगळ्या घरावरनं कायतरी घुमत मागं गेल्यागत झालं.

मी परत खोलीत आले. लाला तसाच उभा, हात वर. जाळीतनं वारं येत हुतं. त्याच्या बाहीचं कापड हलत हुतं. भिंतीवरचं कॅलेंडर फडफडत हुतं. शालूनं डोळं मिटून तोंड वर केलं हुतं, अन् तिच्या कपाळावरचं केस उडत हुतं. हिवाळा सुरू झाल्यापासनं पयल्यांदा तिनं खांद्यावरची वाकळ खाली सोडली.

लालानं हात खाली घेतला. मग हळू आवाजात इचारलं, "कवापासनं येत न्हवतं?"

"कवाच न्हाई," शालू म्हणाली.

"मग मला सांगितलं का न्हाईस?"

शालूनं त्याच्याकडं बघितलं. राग न्हाई, रडू न्हाई. सैपाकात मीठ किती ते सांगावं तसं म्हणाली, "सांगून काय हुतंय? तुमी एवढी वर्षं सांगताय, आलं का पाणी?"

लाला खाटल्याच्या कडंला बसला. सुभेदार माणूस, पण बसला तो गळाठूनच. मी शालूनं खाली सोडलेली वाकळ उचलून घडी घातली.

जरा येळानं तो उठून म्होरं गेला. मला वाटलं, आता पोती उपसून काढतो अन् चांदसाहेबाला फोन लावतो. मी मागनं गेले. तर ह्यो बैठकीत स्टुलावर उभा. मी घाईत कोंबलेलं पोतं एका कोपऱ्यात सैल हुतं अन् तितनं वारं निसटत हुतं. त्यानं ते काढलं, घडी घातली अन् पुन्ना आत सारून कडंकडंनं अंगठ्यानं दाबत आणलं, पाटाच्या दाराला चिखल लिंपतो तसं. एक फट ठेवली न्हाई. टेलच्या माणसाला दार पाडायची संधी मिळती कुठं, तरी ह्याचा हात बसल्यागत चालत हुता.

त्या हिवाळ्यात शालू पुन्ना दवाखान्यात गेली न्हाई. उदयसिंहराव एकदा आले. बैठकीत बसून अंग चोरत इचारलं, "भट्टी बंद पडली काय सुभेदार?" लाला म्हणाला, "न्हाई. आमी आमचं दार पाडलंय." उदयसिंहराव चहा पिऊन गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दार पाडलं असं काय झालं न्हाई, चारी अजून कोरडीच हाय.

अन् गोठ्यात भाकड म्हैस अजून पयल्या दाव्यालाच हाय. एका हिवाळ्यात त्यानं तरी किती शिकावं.